आधी त्याचं सांग

वझे गुरुजींना मेथीची एक जुडी घ्यायला पाऊण तास लागायचा, कारण ते आधी भाजीवालीच्या बाजूने भांडायचे.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शहापूरच्या बाजारात काळूबाय पाटी घेऊन बसायची. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसत, जुडी हातात घेत आणि भाव विचारायच्या ऐवजी बोलायला लागत, "हे बघ, तुझं म्हणणं असं. तू अंधारात उठलीस, मेथी उपटलीस, धुतलीस, जुड्या बांधल्यास आणि पाटी डोक्यावर घेऊन इथवर चालत आलीस. शिवाय आज बाजारात मेथी कमी आहे. म्हणून जुडीला तीन रुपये. हेच ना तुझं म्हणणं?"

काळूबायच्या मनात दोन रुपये सांगायचे असत. ती क्षणभर गुरुजींच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "हो गुरुजी, हाच."

"आता माझं ऐक," म्हणून गुरुजी स्वतःची बाजू मांडायला घेत. पण तोवर काळूबायला स्वतःच्या कष्टांचं इतकं कौतुक वाटू लागलेलं असे, की ती तीनाच्या खाली उतरतच नसे. गुरुजी तीन रुपये देऊन समाधानाने घरी जात. मेथी महाग पडली याचं त्यांना काही नव्हतं. वाद रीतीने झाला, एवढ्यावर ते खूष.

मला हे बघवत नसे. मी गवताचा व्यापारी. मुरबाडच्या अंगाला, सिद्धगडाच्या पायथ्याशी माझं गाव. तिथून डोक्यावर भारे वाहत वर आलो आणि सापगावला मुरबाड रस्त्यावर स्वतःची वखार घातली. डोंगरातलं गवत विकत घ्यायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे. माझ्यामागे बाप नव्हता, शिक्षण नव्हतं, होती ती जीभ. तिच्यावर मी दोन टेम्पो उभे केले. सौद्याचा माझा नियम साधा. समोरच्याच्या मालाला नाक मुरडायचं, आवाज चढवायचा, उठून जायचं नाटक करायचं आणि समोरच्याची बाजू चुकूनही आपल्या तोंडून निघू द्यायची नाही. निघाली की सौदा गेला. हा नियम मी जन्मात एकदाच मोडला, तो या माणसामुळे. त्याची भरपाई मला आजवर मिळालेली नाही.

ते येईलच. आधी माणूस सांगतो.

गुरुजी शहापूरच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. रिटायर झाल्यावर सापगावात, माझ्या वखारीपासून हाकेच्या अंतरावर राहायला आले. उंच, काटकुळे, आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत भाजलेले शेंगदाणे. तरुणपणी नाशिकच्या बाजूला कुठल्याशा पाठशाळेत ते न्यायशास्त्र शिकले होते. आम्हाला न्याय म्हटला की कोर्ट आणि वकील आठवतात. गुरुजींचा न्याय वेगळा. माणसांनी भांडावं कसं, याचं ते शास्त्र. आपल्या देशातल्या पंडितांनी हजारो वर्षं एकमेकांशी भांडून ते तयार केलं, आणि गुरुजींच्या मते सापगावने ते एका पिढीत बुडवलं.

त्यांच्या लेखी भांडणं तीन जातींची. दोघांना खरं काय ते हवं असेल तर तो वाद. दोघांना फक्त जिंकायचं असेल तर जल्प. आणि ज्याला स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरचा बोलेल ते तेवढं खोडायचं, त्याचं चाललंय ती वितंडा. गावात कुठेही आवाज चढला की गुरुजी थांबत, कान देत आणि डॉक्टरने ताप सांगावा तसं सांगत, "जल्प आहे. उतरेल." पाण्याच्या टाकीवर बायांची जुंपली की मान हलवत. "वितंडा. याला औषध नाही."

मला ते म्हणत, "बाळाराम, तू जन्मजात जल्पी."

"शिवी हाय का ही?"

"वर्णन आहे."

आणि त्यांचं एक वाक्य तर तालुकाभर माहीत होतं. कोणी तावातावाने तक्रार घेऊन आला, की गुरुजी खिशातून शेंगदाणे काढत आणि म्हणत, "आधी त्याचं सांग." म्हणजे ज्याच्याशी भांडण आहे त्याची बाजू आधी तू मांड. तीही अशी मांड, की तो स्वतः म्हणाला पाहिजे, 'हो, हेच माझं म्हणणं.' याला ते पूर्वपक्ष म्हणत. तो नीट झाल्याशिवाय स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. चांगला मुद्दा निघाला की ते एक शेंगदाणा बोलणाऱ्याच्या हातावर ठेवत. नवरा-बायको त्यांच्याकडे भांडत जात आणि शेंगदाणे खात परत येत.

एकदा आम्ही दोघे मुरबाडच्या एस्टीत होतो. एका बाईच्या टोपलीत कोंबडा होता आणि कंडक्टर त्याचं तिकीट मागत होता. बाई म्हणाली, "कोंबड्याचा कसला तिकीट रे? तो काय शीटवर बसलाय?" कंडक्टर म्हणाला, "मावशी, नियम हाय, टाइम नको घालवू." झालं, गुरुजी उठले. दोघांनाही त्यांनी एकमेकांची बाजू मांडायला लावली. बाई म्हणाली, "हा सरकारी मानूस. मधेच चेकर चढला तर याचा पगार कापतील. घरी पोरा असतील याची." कंडक्टर म्हणाला, "हिने कोंबडा विकायला नाय, लेकीच्या बाळंतपनाला चालवलाय. मांडीवर घेऊन बसलीय बिचारी." पुढे काय व्हावं? बाई पैसे काढून देऊ लागली आणि कंडक्टर घेईना. ती म्हणे घे, तो म्हणे नको मावशी. भांडण होतं तेव्हा बस चालू होती, हे सौजन्य सुरू झालं तेव्हा ड्रायव्हरने ती बाजूला लावली. मुरबाडला मला तासभर उशीर झाला आणि एक गिऱ्हाईक गेलं. गुरुजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "वाद असा हवा."

दुसरं त्यांचं वेड म्हणजे अनुमान. कुठलीही गोष्ट सांगायची तर पाच पायऱ्यांनी. आधी काय म्हणायचंय ते, म्हणजे प्रतिज्ञा, मग त्याचं कारण, म्हणजे हेतू, मग उदाहरण, मग ते उदाहरण इथे कसं लागू पडतं ते, आणि शेवटी निष्कर्ष, ज्याला ते निगमन म्हणत. एका उन्हाळ्यात मी वखारीत एका तबेलेवाल्याशी भाव पाडत होतो. सौदा ऐन रंगात आला होता. गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

"बाळाराम, वखारीमागे अग्नी आहे."

"बसा गुरुजी, आलोच."

"धूर आहे म्हणून," गुरुजी शांतपणे म्हणाले.

"हां, हां."

"जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. उदाहरणार्थ, आपली चूल."

मी तबेलेवाल्याला म्हणत होतो की या भावात मी गवत नाय, माझा बाप विकतोय. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आणि तसाच धूर तुझ्या मागच्या गंजीतून..."

गंजी हा शब्द कानात शिरला आणि मी उडी मारली. हमाल, बादल्या, ओले गोणपाट, एकच धावपळ. अर्धी गंजी जळाली, बाकीची वाचली. काळाठिक्कर होऊन मी परत आलो तेव्हा गुरुजी तिथेच उभे होते.

"निगमन राहिलं," ते म्हणाले. "म्हणून वखारीमागे अग्नी आहे."

"होता, गुरुजी! होता!"

"मग तू प्रतिज्ञाच बदललीस," गुरुजी नाराजीने म्हणाले आणि निघून गेले.

आता माझं दुःख सांगतो.

माझ्या वखारीला जायची वाट पदाजीच्या शेताच्या बांधावरून होती. बैलगाडीची जुनी वाट. माझे टेम्पो त्याच वाटेने जायचे. एका सकाळी बघतो तर पदाजीने वाटेवर काट्यांचं कुंपण घातलेलं. मी हात उगारायला गेलो, तर त्याची बायको हौसाबाय कोयता घेऊन आली. कोर्टात गेलो असतो तर आमच्या पोरांनी निकाल ऐकला असता. म्हणून लोक म्हणाले, गुरुजींना मध्यस्थ करा. मीही कबूल झालो. मला वाटलं, बोलण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पदाजीला तर स्वतःचं नाव सांगायला घाम फुटतो.

गुरुजींच्या ओटीवर माणसं जमली. गुरुजी म्हणाले, "पदाजी, आधी याचं सांग."

पदाजी बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. "याला टेम्पो न्यायचाय," तो म्हणाला. "झाला."

"एवढंच?"

"गवत हाय टेम्पोत."

लोक हसले. मीही हसलो. मग गुरुजी माझ्याकडे वळले. "बाळाराम, तू त्याचं सांग."

इथे माझी चूक काय झाली ते मला आजही कळतं आणि आजही माझा तिळपापड होतो. मला पदाजीला दाखवायचं होतं, की बोलतात कसं. नुसत्या ईर्ष्येने मी उभा राहिलो. म्हणालो, पदाजीचं म्हणणं असं, की ही वाट त्याच्या आजाने गाडीला दिली होती, टेम्पोला नव्हे. गाडी वर्षातून चार वेळा जायची. हा बाळाराम दिवसातून चार वेळा जातो. टेम्पोच्या चाकाने बांध खचतो, खाचरातलं पानी निघून जातं आणि भात उभा वाळतो. मग हौसाबाय कंबरभर चिखलात उतरून तो बांध हाताने लिंपते. संध्याकाळी लिंपला, सकाळी फुटला. आणि या बाळारामने येवढ्या वर्षांत एकदा तरी विचारलं का, की पदू, जाऊ का रे तुझ्या शेतातून? वाट गेली त्याचं दुःख नाय. विचारलं नाय, त्याचं हाय.

गुरुजी शेंगदाण्यामागून शेंगदाणा माझ्या हातावर ठेवत होते. मला चेव चढत होता. बोलून थांबलो. हौसाबाय पदराने डोळे पुसत होती. पदाजी उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "हो बाळ्या. हाच माझा म्हननं. मला कंदी येवढा चांगला बोलता आला नस्ता."

"आता तुझं उत्तर," गुरुजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. तोंडात शेंगदाणे होते आणि डोक्यात काही नव्हतं. जे होतं ते सगळं मी पदाजीला देऊन बसलो होतो.

निकाल लागला. टेम्पो बांधावरून न्यायचा नाही, ओढ्याकडच्या लांबच्या वाटेने न्यायचा. मूठभर शेंगदाणे मिळाले आणि वाट गेली. असा सौदा करणारा माणूस वखारीत आला असता तर मी त्याला दुपारचं जेवण घालून पाठवलं असतं.

त्या दिवसापासून मी तो खटला सोडलेला नाही. निकाल चूक होता. दर दोन-तीन दिवसांनी वखार बंद केली की मी गुरुजींच्या ओटीवर जायचो. चहा ते स्वतः करायचे. गुरुजींची बायको ते सापगावला आले त्याच वर्षी गेली होती. मी बसलो की नवं कारण मांडायचो. एकदा म्हणालो, माझ्या टेम्पोतून गावाच्या यात्रेचं सामान फुकट जातं, म्हणून वाट गावाच्या कामाची. गुरुजी म्हणाले, "यात्रा लांबच्या वाटेनेही होते. तुझा हेतू दोन्ही बाजूंना जातो. याला सव्यभिचारी हेतू म्हणतात." मी हे घरी जाऊन बायकोला सांगितलं, की गुरुजी मला असं असं म्हणाले. तिने आठ दिवस गुरुजींच्या घरासमोरून जाताना तोंड फिरवलं.

कधी मी ओरडायचो. कधी चहा तसाच टाकून निघून यायचो. पण गुरुजी दारापर्यंत येऊन म्हणत, "आजचा मुद्दा तितका वाईट नव्हता. उदाहरण चांगलं शोध." मग मी उदाहरण शोधत रात्रभर कूस बदलायचो आणि दोन दिवसांनी पुन्हा जायचो.

कधी त्यांच्या घराकडे वळलो, की आतून दोन माणसांची जुंपलेली ऐकू यायची. वाटायचं, पाहुणे आलेत. आत डोकावलं तर गुरुजी एकटेच. झोपाळ्यावर बसून एक बाजू मांडायची, उठून समोरच्या पाटावर बसायचं आणि दुसरी मांडायची. एकदा मी विचारलं, "गुरुजी, हे एकमेकांचं म्हननं आधी सांगायचं, ते तुमच्या पुस्तकात हाय का?"

"समोरच्याचं मांडावं, हे आहे. पण अदलाबदल करून त्याच्याकडून 'हो' म्हणवून घ्यावं, ही भर आमच्या हिची," गुरुजी म्हणाले. "लग्न नवं होतं. मी सारखा शास्त्र काढायचो. ती एकदा पाटावर बसली आणि म्हणाली, माझं म्हणणं काय आहे ते तुम्ही सांगून दाखवा, मगच भांडा. मला सांगता आलं नाही."

"मग?"

"मग शिकलो."

त्यांची एकुलती मुलगी वसू. नाशिकला बँकेत नोकरी. चाळिशीला आलेली, बापासारखीच उंच आणि बापासारखीच हट्टी. लग्न झालं होतं, मोडलं होतं. का, ते गावात कोणाला माहीत नव्हतं. सणावाराला जीपने घाट उतरून कसाऱ्याला यायची, तिथून सापगावला, आणि दोन दिवस राहून जायची.

एका हिवाळ्यात गुरुजी मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी घसरून पडले. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. वसू रजा टाकून आली आणि या वेळी म्हणाली, बाबांना कायमचं नाशिकला नेणार.

मी खरं तेच सांगतो, मला ते जायला नको होते. वसूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळारामभाऊ, तुमचं ऐकतात ते. तुम्ही समजवा." मी "बघू" म्हणालो आणि काहीही समजावलं नाही. गुरुजी नाशिकला गेले तर माझा खटला कायमचा पडला. अपील करायचं कोणाकडे?

आणि गुरुजीही हलत नव्हते. वसू म्हणे, इथे पडलात तर बघायला कोण? गुरुजी म्हणत, नाशिकलाही जमीन कडकच आहे. वसू म्हणे, डॉक्टर जवळ आहे. गुरुजी म्हणत, जवळ असला की माणूस जास्त आजारी पडतो. वसू म्हणे, गुडघे. गुरुजी म्हणत, तुझ्याकडे जिने. मी ओटीवर बसून चहा पीत हे ऐकायचो आणि मनातून खूष व्हायचो. म्हातारा हरणारा नव्हता.

पण रविवारी सकाळी वसूचा आवाज कापरा झाला आणि ती बोलायची थांबली. का कोण जाणे, माझंच डोकं फिरलं. इतक्या वर्षांचा राग होता, तो चुकीच्या वेळी वर आला. मी म्हणालो, "गुरुजी, ही वितंडा झाली."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

"सोताचा काय ते तुमी मांडतच नाय. ती बोलते, तेवढा खोडता. आमाला येवढी वर्षं शिकवलात, आता लेकीशी असे भांडता?"

गुरुजींचा चेहरा पडला. त्यांना कोणी चोर म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं. बराच वेळ ते प्लास्टरवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, "बाळाराम बरोबर बोलतो. वाद करू. मध्यस्थ बाळाराम."

मी वरवर नको नको म्हणालो. आतून मात्र सौदा खिशात पडल्यासारखा वाटला. निकाल माझ्या हातात. कोणी काहीही बोलो, म्हातारा सापगावातच राहणार.

"वसुधा, आधी माझं सांग," गुरुजी म्हणाले.

वसूने ओढणी खांद्यावर नीट केली. "बाबांचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की नाशिकच्या फ्लॅटमध्ये भिंती जवळ आहेत आणि माणसं लांब. इथे ते रस्त्याने निघाले की चार जण भांडण घेऊन येतात. शिवाय इथे बाळारामभाऊ आहेत."

"माझा काय मधेच?" मी म्हणालो.

"मध्यस्थाने मधे बोलू नये," गुरुजी म्हणाले.

वसू पुढे म्हणाली, "ते दर दोन-तीन दिवसांनी वाटेचा खटला घेऊन येतात. बाबा मला फोनवर प्रत्येक वेळचा मुद्दा सांगतात. खटला एका बैठकीत कायमचा मिटवता येईल, असं उत्तर बाबांकडे पहिल्याच महिन्यापासून आहे. ते त्यांनी कधी दिलं नाही. दर वेळी भाऊंच्या बाजूला एखादी फट ठेवतात. फट बुजली तर भाऊ परत यायचे नाहीत, ही बाबांना भीती वाटते." ती थांबली. "हेच ना तुमचं म्हणणं?"

गुरुजींचे कान लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "हो. हेच."

मला काय वाटलं ते मी सांगत नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या दारात ओरडत होतो, आणि तो माझ्यासाठी फट ठेवून बसला होता. एक मात्र पक्कं झालं. आता तर याला मी हलू देणार नव्हतो.

"गुरुजी, आता तिचा सांगा," मी म्हणालो.

गुरुजी झोपाळ्यावरून उठले आणि पाटावर जाऊन बसले. मोडक्या हातामुळे त्यांना बसायला त्रास झाला. वसू पुढे झाली, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"वसुधाचं म्हणणं असं," ते म्हणाले. "पडणं, गुडघे, डॉक्टर, हे तिने दिलेले हेतू खोटे नाहीत, पण दुबळे आहेत. खरा हेतू तिने मांडलाच नाही. तो असा, की ती संध्याकाळी बँकेतून येते तेव्हा कुलूप तिनेच लावलेलं असतं आणि तीच ते उघडते. सकाळी ओट्यावर ठेवलेली वाटी संध्याकाळी तिथेच, तशीच असते. एखाद्या रविवारी दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही. मग ती खाली जाते आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडते. पैशांसाठी नव्हे."

वसू खाली बघत होती.

"आणि तिचं आणखी एक म्हणणं आहे," गुरुजींचा आवाज जरा बसला. "तिचं लग्न मोडलं, ती इथे आली, तेव्हा बापाने तिला काही विचारलं नाही. बाप सगळ्या गावाला विचारत होता, तुझं काय म्हणणं, त्याचं काय म्हणणं. एका कोंबड्यासाठी त्याने एस्टी थांबवली होती. लेकीला मात्र विचारलं नाही. बापाला वाटलं, विचारलं तर पोरीला सगळं पुन्हा उगाळावं लागेल. पोरीला वाटलं, बापाला आपली बाजू ऐकायचीच नाही. ती अजून ऐकली गेलेली नाही. ती ऐकायला बापाने तिच्या घरी यावं. हे ती बोलली नाही, कारण हे बोलल्यावर मला नाही म्हणता येणार नाही हे तिला ठाऊक आहे. आणि असं जिंकणं तिला नको आहे." त्यांनी वर बघितलं. "हेच ना तुझं म्हणणं?"

बाहेर माझा टेम्पो गठ्ठे घेऊन गेला, त्याचा आवाज पार ओढ्यापर्यंत ऐकू आला. मग वसूने नाक पुसलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "पण वाटी नाही. कप."

"बरं. कप," गुरुजी म्हणाले.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा माणूस किमतीला आला की नाही ते मला त्याच्या पापणीवरून कळतं. या माणसाकडे तर स्वतःच्या बाजूचे शंभर मुद्दे होते. ते सोडून त्याने सगळं बळ लेकीच्या बाजूला लावलं होतं, आणि तेही मी मध्यस्थ असताना, मी कुठल्या बाजूला झुकतो ते पुरतं माहीत असताना. माझ्या तोंडात निकाल तयार होता, 'गुरुजी इथंच राहतील.' तो मी जिभेवर आणला, आणि मला भयंकर राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

"ने यांना," मी वसूवर ओरडलो. "उद्याच ने."

"हेतू?" गुरुजींनी विचारलं. मध्यस्थाने कारण दिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

"येकट्या मानसाला भांडायला घरात दुसरा मानूस लागतो. नायतर तो झिजतो."

"उदाहरण?"

"उदाहरन कशाला शोधू? समोर पाटावर बसलाय."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. आता ते दोष काढतील, म्हणून मी वाट बघत होतो. हेतू दुबळा आहे म्हणतील, उदाहरण लागू पडत नाही म्हणतील, काहीतरी फट काढतील, अशी मी अगदी आशा धरून होतो. त्यांनी चष्मा काढला, डाव्या हाताने सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

"मान्य," ते म्हणाले.

गुरुजींकडून मी जिंकलेला तो एकच वाद. दुसऱ्या दिवशी त्यांचं सामान माझ्याच टेम्पोत चढलं. दोरी मी स्वतः आवळली.